उदाहरण द्या

अभिप्रायाचे कागद मी लाल पेनाने तपासून टाकले होते, हे मला बुधवारी सकाळी साडेदहाला कळलं. तपासले होते मंगळवारी दुपारी. पण तेव्हा आपण तपासतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सव्वीस वर्षं हातात लाल पेन धरलं की असं होतं. लिहिलेला कागद समोर आला की हात आपला आपण चालू लागतो, डोकं मागून येतं. एकदा नवऱ्याने स्वयंपाकघरात ठेवलेल्या निरोपावर मी "ठीक" असं लिहून खाली सही केली होती. यायला उशीर होईल, जेवून घे, एवढाच निरोप होता. त्याने तो कागद वर्षभर दुकानातल्या टेबलावर काचेखाली ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला. तेव्हा मीही हसले होते. बुधवारी मात्र हसू आलं नाही. 

आमच्या विद्यापीठात सत्राच्या मध्यावर मुलांकडून अभिप्राय घेतात. मुलं तो संगणकावर भरतात, नाव घालत नाहीत, आणि मग कार्यालय प्रत्येक शिक्षकाला त्याच्या वाट्याची पानं पाठवतं. मी भूशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला खडक आणि खनिजं, म्हणजे मुलांच्या भाषेत दगड. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस अभिप्राय, चार पानं. वर एक आकडा असतो. माझा आकडा पाचपैकी तीन पूर्णांक एक होता. हा आठवडा आला की आमचा विभाग आजारी माणसाच्या घरासारखा होतो. सगळे हळू बोलतात. तीन नंबरच्या खोलीतले सर आपली पानं उघडतच नाहीत. निवृत्तीनंतर सगळी एकदम वाचणार म्हणतात. जीवाश्मवाल्या बाई चांगली वाक्यं मोठ्याने वाचून दाखवतात, आणि वाईट वाक्यं कुणी लिहिली असतील याची नावं बोटांवर मोजतात. आणि आमचा नवा सहकारी, वय एकतीस, आकडा चार पूर्णांक आठ, तो यंदा चहाचा कप हातात धरून माझ्या खोलीच्या दारात दहा मिनिटं उभा होता. "मॅडम, एकाने लिहिलंय, सर उगाच हसतात. मी उगाच हसतो का?" असं त्याने हसत हसतच विचारलं आणि मग चटकन हसू आवरलं. मी म्हटलं, "अरे, मनावर घेऊ नकोस." दुसऱ्याला सांगायला हे वाक्य फार सोपं आहे.

मंगळवारी मी ती पानं छापून घेतली, कारण पडद्यावर वाचलेलं मला खरं वाटत नाही. टेबलावर डाव्या बाजूला मुलांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा गठ्ठा होता, नुकताच तपासून संपलेला. पेन अजून उघडंच होतं. पहिलं वाक्य होतं, "मॅडम छान शिकवतात." शेजारी मी लिहिलं, "छान म्हणजे? नेमकं लिहा." अर्धा गुण. "प्रॅक्टिकलला भिंगं कमी पडतात." बरोबर, पाचपैकी पाच. "विषय कंटाळवाणा आहे." त्यावर, "विषय की शिकवणं? फरक स्पष्ट करा." "मॅडमना दगड आवडतात, माणसं आवडतात की नाही ते माहीत नाही." तिथे मी थोडी थांबले असेन, कारण पेनाचा एक ठिपका उमटलाय, आणि पुढे "विषयांतर" असं लिहिलंय. मग सतरावं वाक्य. "मॅडम प्रश्न विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत." बस्स, एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. दगडाचा रंग लिहावा तसं लिहिलं होतं. त्याखाली मी दोनदा रेघ ओढली आणि लिहिलं, "विधान मोघम. उदाहरण द्या." पाचपैकी एक. शेवटी बेरीजही केली, दोनशे पाचपैकी एकशे बारा, आणि शेरा दिला, "प्रयत्न बरा. पुराव्याशिवाय विधान करू नये." मग चष्मा काढून डोळे पुसले. रडत नव्हते. डोळे दुखत होते, असं मी स्वतःला सांगितल्याचं आठवतं. पानं जर्नलांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी टेबलाची डावी बाजू रिकामी होती. मी मामांना हाक मारली. मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. माझ्या आधीपासून आहेत, आणि विभागात काय कुठे आहे हे फक्त त्यांना ठाऊक असतं.

"मामा, इथला गठ्ठा?"

"जर्नलांचा? दिला की. तुमची ती मोठ्या आवाजाची पोरगी आली होती सकाळी. म्हणाली, आज वाटायची आहेत."

"त्याच्यावर चार सुटे कागद होते."

मामांनी जरा आठवून पाहिलं. "होते. लाल खुणा होत्या त्यांच्यावर, म्हटलं तपासलेलेच असणार. सुटे उडून जातील म्हणून वरच्या जर्नलात नीट घालून दिले." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "का हो मॅडम, तपासायचे राहिले होते का?"

"नाही," मी म्हटलं. "तपासून झाले होते."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. या इमारतीत ज्याच्यावर लाल खुणा असतात ते मुलांकडे परत जातं, हा इथला नियमच आहे. मी खुर्चीत बसले आणि मुलांनी ती पानं वाचतानाचं चित्र डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून खिडकीबाहेरची सायकलींची रांग मोजायला लागले. अकरापर्यंत गेले. नावं न घालता, कुणाला दुखवायचं नाही म्हणून किंवा खूप दुखवायचं म्हणून, त्यांनी जे लिहिलं होतं त्याला मी गुण दिले होते. माणसं आवडतात की नाही माहीत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि मी त्याला विषयांतर म्हटलं होतं. कान गरम झाले. पन्नाशी उलटलेल्या बाईचे कान शाळकरी मुलीसारखे गरम व्हावेत याची वेगळी लाज वाटली.

त्यात विभागप्रमुखांनी सोमवारीच विचारून ठेवलं होतं. ते तसे भले गृहस्थ, बोलताना नेहमी आपल्याच बोटातल्या अंगठीशी खेळतात. "आकडे बघितलेत ना? म्हणजे तसं काही नाही. पण पहिलं वर्ष आता त्या तरुणाकडे द्यावं का? तुम्ही वरचे वर्ग घ्या, संशोधनाची मुलं घ्या. पुढच्याच आठवड्यापासून करता येईल. शुक्रवारपर्यंत सांगा." सोमवारी मी मनात म्हटलं होतं, प्राण गेला तरी देणार नाही. पहिलं वर्ष माझं आहे. ज्या मुलांनी आयुष्यात दगड फक्त कुत्र्याला मारायला उचलला, त्यांच्या हातात तो पहिल्यांदा नीट देणं, आणि त्यावर आम्लाचा थेंब टाकल्यावर तो फसफसला की त्यांची तोंडं बघणं, यासाठी मी इथे सव्वीस वर्षं येत आले. वरच्या वर्गांना सगळं माहीत असतं, तिथे आश्चर्याने कुणाचं तोंड उघडत नाही. पण बुधवारी दुपारी मी एक चिठ्ठी लिहिली. प्रकृतीमुळे पहिल्या वर्षाचा वर्ग सोडत आहे, कृपया पर्यायी व्यवस्था व्हावी. दोन ओळी. प्रकृती ठणठणीत होती. गुरुवारी दोन ते पाच प्रॅक्टिकल होतं, तेवढं उरकायचं आणि जाताना चिठ्ठी कार्यालयात टाकायची असं ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं. दुखरा दात काढायचं ठरवल्यावर वाटतं तसं.

संध्याकाळी घरी जायच्या आधी नवऱ्याच्या दुकानात गेले. तो डोळे तपासून चष्मे करून देतो. दुकानात एक आजोबा त्या जड लोखंडी चष्म्याच्या चौकटीत डोळे घालून बसले होते आणि तो एकेक काच बदलत होता. "आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं?" आजोबा काही बोलेनात. तो हात मागे घेऊन उभा राहिला. "परत दाखव," आजोबा म्हणाले. त्याने परत दाखवलं. परत उभा राहिला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे बघत होते आणि माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. समोरच्या तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीतलं अक्षर मलाच ओरडून सांगावंसं वाटत होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्याला असं उभं राहिलेलं मी शेकडो वेळा पाहिलं असेल. पण तो तेव्हा काय करत असतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तो काहीच करत नव्हता. आजोबा गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, लाल पेनासकट. तो हसेल असं वाटलं होतं. तो कापडाने काच पुसत राहिला.

"गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं तेव्हा तू काय करतोस?" मी विचारलं. "म्हणजे तू काय, समजावत असशील, नाहीतर बदलून देत असशील, नाही का? तुझं बरं आहे."

तो माझ्याकडे नुसताच बघत राहिला.

"काय?"

"काही नाही. तू विचारलंस, मी तोंड उघडत होतो."

मग आम्ही दोघेही हसलो, पण माझं हसू लवकर संपलं. "मी नेहमी असं करते?" मी विचारलं, आणि या वेळी ओठ दाताखाली धरून बसले. त्याने काच उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा पुसली. "नेहमी नाही," तो म्हणाला. "भांडताना थांबतेस." पुढे म्हणाला, "मला सवय झालीये. तुला काय उत्तर हवंय ते तूच सांगतेस, माझे कष्ट वाचतात. पण कधीकधी मला वेगळं काहीतरी सांगायचं असतं." काय सांगायचं असतं, ते मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. ते आता त्यानेच कधीतरी सांगावं, मी ऐकेन, असं मनात म्हणून उठले.

घरी येऊन भाजी चिरताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं, म्हणजे शिक्षिका म्हणून पहिलं. सत्तावीस वर्षांची होते. नवी चप्पल चावत होती. फळ्यावर पृथ्वीचा उभा छेद काढला आणि वर्गाकडे वळून विचारलं, "आत इतकं गरम आहे तर वर आपण भाजत का नाही?" प्रश्न मी आदल्या दिवशी तयार केला होता आणि मला तो फार आवडला होता. कुणीच बोललं नाही. साठ मुलं माझ्याकडे बघत होती. कुणाचं तरी बाक करकरलं. मला वाटलं, आता कुणीतरी हात वर करील. मग वाटलं, यांना प्रश्नच कळला नाही. मग वाटलं, मलाच काही येत नाही हे यांना कळलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, कदाचित दुसऱ्याच कशावर तरी. ती शांतता किती वेळ होती कोण जाणे, पाच सेकंदही नसेल. पण माझ्या अंगात ती अजून आहे. मी घाईघाईने उत्तर सांगून टाकलं आणि वर्गाकडे पाठ फिरवली. त्यानंतर मी वर्गात शांतता कधी होऊच दिली नाही. प्रश्न विचारायचे, कारण चांगले शिक्षक प्रश्न विचारतात. आणि उत्तर आपणच द्यायचं, लगेच, म्हणजे कुणी गप्प राहायचा प्रश्नच येत नाही. लोक याला माझा उत्साह म्हणत आले. मीही म्हणत आले. भाजी चिरून झाली होती, तरी मी सुरी खालीवर करत उभी होते. मला मुलांचा राग नव्हता आला, हे तेव्हा कळलं. सतरा नंबरच्या वाक्याने मला पकडलं होतं, आणि पकडलं गेलेलं माणूस पेन हातात घेतं.

गुरुवारी दीड वाजता दारावर टकटक झाली. वर्गाची प्रतिनिधी होती. तिला मी मनातल्या मनात घोषणा म्हणते, कारण ती "फळा पुसू का?" हेसुद्धा रेल्वे स्टेशनवर सांगतात तसं सांगते. त्या दिवशी तिचा आवाज खाली आला होता. तिने माझ्यासमोर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत चार पानं होती.

"मॅडम, हे तुमचं आमच्याकडे आलं होतं."

"वाचलं?"

"हो."

"कुणी कुणी?"

"सगळ्यांनी." मग तिने चप्पल जमिनीवर घासली. "काल लगेच आणून देणार होते. पण तुम्ही उदाहरण मागितलं होतं ना. म्हणून एक दिवस ठेवून घेतलं."

मला काही कळलं नाही. ती गेल्यावर मी पानं बाहेर काढली. सतराव्या वाक्याखाली, समासात, आणि समास संपल्यावर पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. जर्नलात दगडांची चित्रं काढायला मुलं जी पेन्सिल वापरतात, ती. त्यांना वाटलं होतं की लाल शाईत लिहिलंय म्हणजे करायचंच. "दुसऱ्या प्रॅक्टिकलला मॅडमनी विचारलं, हा दगड एवढा जड का? मी 'कारण' म्हणाले तोवर मॅडमनी कारण सांगितलं." "मला विचारलं, समजलं का. समजलं की नाही याचा मी विचार करत होतो. मॅडम पुढच्या टेबलावर गेल्या." "कुणाला शंका आहे का असं विचारून मॅडमनी फळा पुसायला घेतला." एकाने तर मोजमाप केलं होतं. गेल्या तासाला विचारलेले नऊ प्रश्न, प्रत्येकानंतर किती सेकंद थांबले त्याचा छोटा तक्ता, खाली सरासरी, दीड सेकंद. एक क्षण मला चक्क आनंद झाला, की पोराने सरासरी काढायला नऊ नोंदी घेतल्या, तीनच नोंदींवर भागवलं नाही. नाव कुणीच घातलं नव्हतं. पण आठ आठवडे मी यांची जर्नलं तपासतेय. कुणाचा 'र' कसा पडतो, कोण रेघ सोडून लिहितं, मला पाठ आहे, आणि ते मला पाठ आहे हे त्यांनाही माहीत आहे. संगणकावर लपलेली मुलं पेन्सिल घेऊन बाहेर आली होती. मी मागितलं म्हणून.

शेवटचं अक्षर मोठं, दाबून काढलेलं, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेलं. ते काकांचं. काका माझे विद्यार्थी आहेत, वय बेचाळीस. पंधरा वर्षं दगडाच्या खाणीत काम करून आता अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या वर्षाला बसतात. मुलं त्यांना काका म्हणतात, आणि ते माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान असूनही माझ्या तोंडून तेच निघतं. वर्गात ते क्वचितच बोलतात. त्यांनी लिहिलं होतं, "पहिल्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, खाण का सोडलीत. मी सांगणार होतो. मॅडम म्हणाल्या, बरं केलंत, धूळ छातीला वाईटच. कारण ते नव्हतं."

मला तो प्रसंग आठवतच नव्हता. खूप आठवून पाहिला. मी हे शंभर टक्के म्हणाले असणार, शब्द माझेच होते, पण आठवत नव्हता. त्यांच्याकडे मात्र तो आठ आठवडे होता. यापेक्षा कुणी मला शिवी दिली असती तर सोसली असती, असं वाटलं.

दोन वाजता वर्गात गेले. एक्केचाळीस माणसं आपापल्या स्टुलांवर नको इतकी नीट बसली होती. पर्समध्ये चिठ्ठी होती. मी पानं हातात धरून म्हटलं, "हे तुमच्याकडे चुकून आलं. पण त्यावर मी लिहिलं ते चुकून नाही, ते सवयीने लिहिलं. मला वाईट वाटलं होतं. वाईट वाटल्यावर मी तपासायला बसले. दिलेले गुण रद्द." मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मला पाच होते." भिंगांची तक्रार करणारा असणार. सगळे हसले, मीही हसले, आणि मग मी ट्रे वाटायला सांगितले, कारण आणखी उभी राहिले असते तर बोलत सुटले असते.

चौथ्या टेबलाशी काका ग्रॅनाइटचा तुकडा तळहातावर घेऊन बसले होते. मी समोर उभी राहिले. "काका, तुम्ही खाण का सोडलीत?" मी विचारलं, आणि तोंड मिटलं. मिटल्यावर कळलं की जिभेवर तीन उत्तरं तयार आहेत. पाठीचं दुखणं, मुलांची शिक्षणं, शिकायची इच्छा. तिन्ही गिळली. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. शेजारच्या टेबलावरच्या मुली भिंगातून बघायचं थांबल्या. माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून ते मी टेबलाच्या कडेवर ठेवले, आणि टेबल थंड आहे हे जाणवलं. सत्तावीस वर्षांच्या त्या मुलीला आता पळून जावंसं वाटत होतं. मी तिला जाऊ दिलं नाही. काकांनी दगड एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने फिरवला.

"मॅडम, हा फोडू का?" ते म्हणाले.

प्रयोगशाळेच्या मागे दगडी फरशीचा चौक आहे. तिथे आम्ही नमुने फोडतो. काकांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावला, हातोडी घेतली, दगड अंगठ्याने चाचपला आणि एकाच घावात त्याचे सरळ दोन तुकडे केले. सगळा वर्ग आमच्यामागून बाहेर आला होता. "वास घ्या," ते म्हणाले. "लवकर. दोन श्वास टिकतो." मी वाकले. जळकट, कोरडा, किंचित गोडसर वास होता आणि लगेच गेलाही. सव्वीस वर्षं मी दगड फोडतेय. तो वास माझ्या नाकाला ओळखीचा होता, पण त्याबद्दल मी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. काकांनी आणखी एक तुकडा फोडला, मग आणखी एक. मुलं गुडघ्यांवर बसून हुंगत होती. एक म्हणाला, काडेपेटीसारखा. घोषणा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, इस्त्री फार तापल्यावर येतो तसा. मी काही म्हणाले नाही.

"माझा धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली होता खाणीत," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते दगडाकडे. "संध्याकाळी घरी आला की त्याच्या शर्टाला हा वास असायचा. माझ्याही असणार, पण आपला आपल्याला कळत नाही. तीन वर्षांपूर्वी वरची कड सुटली आणि तो गेला. आईने त्याचा शर्ट धुतला नाही. रोज काढून नाकाला लावायची. सहा महिन्यांनी म्हणाली, गेला रे वास. मला विचारलं, कशाचा होता? मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, दगडाला कसला आलाय वास, काम कर. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही मी. कुणालातरी माहीत असेल म्हणून इथे आलो." मग त्यांनी मान वर केली. "कशाचा असतो, मॅडम?"

ग्रॅनाइटमध्ये काय काय असतं, ते मी झोपेतसुद्धा सांगेन. तापमान, दाब, किती कोटी वर्षं, सगळं तोंडाशी आलं होतं. त्यातलं काहीही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. वाटलं होतं तसं काही झालं नाही. कुणी हसलं नाही. काकांनी मान हलवली. उत्तर मिळालेल्या माणसाने हलवावी तशी. "बरं," ते म्हणाले.

"पण शोधता येईल," मी म्हणाले. "वेगवेगळे दगड फोडायचे, कुठल्याचा येतो, कुठल्याचा येत नाही, ते लिहायचं. ओले, कोरडे. खूप दिवस लागतील. कदाचित नाहीच कळणार."

"पुढच्या गुरुवारी सुरू करू या," तक्ता करणारा मुलगा म्हणाला. तो तोच आहे हे मला अक्षरावरून माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला.

"पण पुढच्या गुरुवारपासून नवे सर येणार आहेत असं ऐकलंय," घोषणा म्हणाली. या इमारतीत काही लपून राहत नाही. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही असाल का, मॅडम?"

पर्स आत टेबलावर होती, तिच्यात चिठ्ठी होती. तीन पूर्णांक एक हा आकडाही कुठे गेला नव्हता. माणसं आवडतात की नाही माहीत नाही, हे वाक्यही गेलं नव्हतं. ते मला पुढची कित्येक वर्षं अधूनमधून दुखणार हे मला तेव्हाही कळत होतं. मी लगेच बोलले नाही. घोषणाने प्रश्न पुन्हा विचारला नाही, माझ्या वतीने उत्तरही दिलं नाही. काका हातोडी खाली टेकवून उभे होते. एक्केचाळीस जण माझ्याकडे बघत थांबले होते आणि कुणालाच घाई नव्हती.

"असेन," मी म्हणाले.